कार्टूनचा आवाज: टिकेल तोच धरा

मी कार्टूनला आवाज देते असं कळलं की लोक म्हणतात, "एखादा आवाज काढून दाखवा ना." लहान मुलांनी म्हटलं तर मी लगेच काढते. पण या कामात येऊ पाहणारी मुलं-मुली भेटतात तेव्हा तीच मला आवाज काढून दाखवायला लागतात. एक खारीचा, एक म्हाताऱ्याचा, एक राक्षसाचा, एका दमात सहा-सात. सगळं ऐकून झालं की मी विचारते: यातला कुठला आवाज तुला उद्या सकाळी, सर्दी झालेली असताना, जसाच्या तसा लावता येईल? सहा महिन्यांनी येईल? त्याच आवाजात रडता येईल, कुजबुजता येईल, पळता पळता बोलता येईल?

मालिका वर्षानुवर्षं चालते. जपानमध्ये नोबुयो ओयामा यांनी १९७९ पासून २००५ पर्यंत डोरेमॉनला आवाज दिला. मासाको नोझावा १९८६ पासून 'ड्रॅगन बॉल'मधल्या गोकूचा आवाज आहेत, आणि वयाची ऐंशी ओलांडल्यावरही त्या तो पोरगा तितक्याच जोमाने बोलत होत्या. पाहणाऱ्या मुलाला दर संध्याकाळी तोच मित्र भेटायला हवा असतो. आवाज जरा जरी हलला तरी मुलांना कळतं, मोठ्यांना कळत नाही. म्हणून दहा आवाज काढणाऱ्यापेक्षा दोन आवाज नीट सांभाळणाऱ्याला इथे जास्त काम मिळतं. पुढे जे सांगते आहे ते या सांभाळण्याबद्दलच आहे.

काम चालतं कसं

हिंदी आणि मराठी कार्टूनचं बरंचसं काम मुंबईत होतं, आणि मुंबईतही अंधेरी पश्चिमेला: ओशिवरा, वीरा देसाई रोड, यारी रोड, वर्सोवा. बाहेरून बघितलं तर साधी इमारत, आत एक छोटी खोली, म्हणजे बूथ, भिंतींना फोम, एक माइक, एक स्क्रीन, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आणि डबिंग डायरेक्टर.

काम दोन तऱ्हेचं असतं. आपल्याकडे बनलेल्या मूळ मालिका, म्हणजे हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा २००८ साली पोगोवर आलेला 'छोटा भीम', किंवा २०१२ साली निकलोडियनवर सुरू झालेला 'मोटू पतलू'. मूळ मालिकेत साधारणपणे आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि चित्र त्या आवाजावर हलवलं जातं. तुम्ही थांबलात तर पात्र थांबतं, तुम्ही अडखळलात तर तेही अडखळतं. मोकळीक पुष्कळ, पण समोर बघायला काही नसतं, हातात कागद आणि पात्राचं एखादं स्थिर चित्र. डायरेक्टरला विचारून घ्या: तो किती उंच आहे, ज्याच्याशी बोलतोय तो किती लांब उभा आहे, पाऊस पडतोय का. हे न विचारता बोललेली वाक्यं पुढे चित्रावर बसत नाहीत.

दुसरं डबिंग. चित्र तयार, ओठ ठरलेले, कानात मूळ भाषेचा आवाज. त्याला आम्ही पायलट म्हणतो. जपानमध्ये बहुतेक वेळा सगळे कलाकार एकाच खोलीत उभे राहून एकमेकांशी बोलत रेकॉर्ड करतात. आपल्याकडे प्रत्येक जण एकटा येतो आणि आपल्या ओळी करून जातो. दोन जिवलग मित्रांचं भांडण मी रेकॉर्ड करते तेव्हा दुसरा मित्र अजून आलेलाच नसतो. त्याच्या जागी कानात जपानी ऐकू येत असतं. समोरच्याचं उत्तर मनात ऐकू येणं हे या कामाचं पहिलं कौशल्य आहे, आणि ते नाटकातून येतं. मी कराडची. कॉलेजात एकांकिका केल्या, आकाशवाणीवर श्रुतिका केल्या. श्रुतिकेत चेहरा दिसत नाही, हात हलवून भागत नाही, दार उघडल्याचा आश्चर्याचा भाव श्वासातच आणावा लागतो. तुमच्या गावात एकांकिका होत असतील, बालनाट्य होत असेल, तर आवाजाचा क्लास शोधण्याआधी तिथे जा.

१९९३ साली दूरदर्शनवर 'जंगल बुक' ही जपानी मालिका हिंदीत आली. त्यात शेरखान नाना पाटेकरांनी केला होता. तो पुन्हा ऐका. वाघ आहे म्हणून त्यांनी आवाज बदललेला नाही. नानांचाच आवाज, नानांचेच विराम. तरी तो वाघ आहे, कारण बोलणाऱ्याला कुणाचीच भीती नाही हे प्रत्येक शब्दात ऐकू येतं. त्याच्या उलट टोकाला सौरव चक्रवर्ती. मोटू आणि पतलू दोघंही त्यांचेच, शिवाय त्याच मालिकेतली इतरही पात्रं. ऐकताना आवाज जाड की बारीक एवढ्यावर थांबू नका. कोण वाक्य घाईने संपवतो, कोण श्वास कुठे घेतो, कोण शब्दाच्या शेवटी लोंबकळतो, ते वहीत लिहा. मेघना एरंडे यांचा हिंदीतला निंजा हातोरी असाच वही घेऊन ऐका. मराठी घरातली मुलगी हिंदी कार्टूनमध्ये कुठवर जाऊ शकते हेही त्यातून कळेल.

हिंदी, आणि मग मराठी

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपली मराठी मुलं अभिनयात नापास होत नाहीत, हिंदीच्या उच्चारात होतात. आणि कुणी नीट सांगत नाही. "मराठी टच येतोय" म्हणतात आणि दुसऱ्याला बोलावतात.

काय बघायचं ते सांगते. पहिलं च आणि ज. 'चोर' हा शब्द आपण मराठीत दाताजवळ म्हणतो, हिंदीत तो 'चहा'तल्या च सारखा टाळूला लागतो. कार्टूनमध्ये दर दुसऱ्या भागात कुणीतरी "चोर, चोर" ओरडत असतं आणि तिथेच आपण पकडले जातो. 'जा', 'जाल', 'झूठ' यांचंही तेच. दुसरं ऐ आणि औ. 'पैसा', 'है', 'और' यांत आपण दोन स्वर ऐकवतो, अ आणि इ, अ आणि उ. हिंदीत तो एकच पसरट स्वर आहे. तिसरं अनुनासिक. 'मैं', 'हैं', 'नहीं' यातलं नाकातलं टोक आपण गिळतो; मग 'है' आणि 'हैं' सारखेच ऐकू येतात आणि एकवचन-अनेकवचनाचा घोळ होतो. चौथं, 'ज्ञान' आणि 'कृपा'. आपण द्न्य आणि क्रु म्हणतो, हिंदीत ग्य आणि क्रि. पाचवं, 'पढ़ना' आणि 'पड़ना' वेगळे ऐकू आले पाहिजेत. सहावं फ. 'फल', 'फूल', 'फिर' म्हणताना दोन्ही ओठ मिटले पाहिजेत, आणि 'साफ़', 'फ़ौरन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत. आपण सगळीकडे दातच लावतो.

उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो. मला मुंबईत आल्यावर एका ज्येष्ठ डबिंग डायरेक्टर बाईंनी तो सांगितला. रोज हिंदी बालकथेचं एक पान मोठ्याने वाचायचं, रेकॉर्ड करायचं, आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचं. त्याच दिवशी ऐकलं तर कान आपल्याच बाजूने असतात. एका आठवड्याला एकच आवाज पकडायचा. या आठवड्यात ऐ-औ, पुढच्या आठवड्यात च-ज. सगळं एकदम सुधारायला गेलं की बोलणं लाकडासारखं होतं.

आता मराठी. लहान मुलांच्या काही वाहिन्यांवर मराठी आवाजपट्टी आली आहे आणि ओटीटीवरही मराठी डबिंग होतं. मला या कामाची फार आस्था आहे. माझ्या भाचीला तिच्या भाषेत कार्टून बघता आलं पाहिजे. पण संहिता बऱ्याचदा हिंदीवरून घाईत केलेली असते. खलनायक "मी तुला सोडणार नाही" म्हणतो, जिथे मराठी मुलगा "थांब, बघतोच तुला" म्हणाला असता. अशा वेळी डायरेक्टरला विचारा, "हे असं बोलू का? लांबी तीच आहे." लांबी तीच आहे हे आधी मोजून मगच विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात. आणि या बाबतीत भिडस्त राहू नका. मुलं भाषा इथूनही उचलतात.

ओठांचं गणित याच्याशीच जोडलेलं आहे. प, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. पात्राचे ओठ पडद्यावर मिटलेले असतील आणि तुम्ही 'आ' लावलात तर पाहणाऱ्याला खटकतं. मूळ पात्र 'मॉम' म्हणत असेल तर हिंदीत 'मम्मी' सहज बसतं. मराठीत 'आई' म्हटलं की ओठ एकदाही मिटत नाहीत. मग पात्र किंचित वळलेलं असेल तिथे "आई" टाकून, किंवा वाक्याची फिरवाफिरव करून मार्ग काढावा लागतो. जपानी मालिकांत हे सोपं जातं, कारण तिथे तोंडाची हालचाल साधी असते: उघडं, अर्धं, मिटलेलं. तिथे अक्षरांची संख्या आणि वाक्याची सुरुवात-शेवट जुळला की काम होतं. पाश्चात्त्य संगणकीय ॲनिमेशनमध्ये ओठ बारकाईने हलवलेले असतात, तिथे शब्द निवडताना जास्त जपावं लागतं.

आवाज बांधायचा कसा

मी बरीच वर्षं एका डब होणाऱ्या मालिकेत दहा वर्षांच्या मुलाचा आवाज देते आहे. त्याचं नाव सांगत नाही, पण तो कसा लावते ते सांगते. तो आवाज मी घशातून बारीक करत नाही. हनुवटी थोडी पुढे, ओठांचा एक कोपरा वर, श्वास छातीच्या वरच्या भागात, टाचा किंचित उचललेल्या. तो मुलगा सतत कुठेतरी निघालेला असतो, म्हणून त्याचं प्रत्येक वाक्य संपायच्या आधी पुढच्या वाक्यावर पडतं. एवढं केलं की आवाज आपोआप लागतो. स्टुडिओत शिरण्याआधी मी त्याचं एक वाक्य म्हणते: "मम्मी, मैंने कुछ नहीं किया!" तेच वाक्य, दर वेळी. ते नीट लागलं की तो पूर्ण मुलगा येतो. तुमच्या प्रत्येक पात्राला असं एक किल्लीचं वाक्य ठेवा.

वहीही ठेवा. माझ्या वहीत प्रत्येक पात्राचं पान आहे. तानपुऱ्याचं ॲप लावून त्याची बोलण्याची पट्टी लिहून ठेवते. हा मुलगा पेटीवरच्या काळी पाचच्या आसपास बोलतो, चिडला की दोन सूर वर जातो, खोटं बोलताना खाली येतो. आवाज कुठे घुमतो: नाकात, दातांवर, छातीत. काय खायला आवडतं, कुणाला घाबरतो. आणि डायरेक्टरची परवानगी मिळाली तर मंजूर झालेल्या आवाजाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा स्टुडिओकडून आपल्या कानांपुरता ऐकायला मागा. चार महिन्यांच्या खंडानंतर मालिका परत सुरू होते तेव्हा आठवणीवर भरवसा ठेवू नका. स्मरणातला आवाज हळूहळू उंच होत जातो.

नवा आवाज पक्का करण्याआधी त्याची परीक्षा घ्या. त्या आवाजात हसा, रडा, कुजबुजा, हाक मारा, एक लांबलचक तक्रार करा, वीस मिनिटं सलग. मग आपल्या नेहमीच्या आवाजात कुणाशी तरी बोला. आवाज बसलेला वाटला, खाकरावंसं वाटलं, तर तो आवाज कितीही मजेदार असो, सोडून द्या. घोगरे राक्षस आणि करकरणाऱ्या चेटकिणी यात सगळ्यात जास्त घसे जातात. राक्षस छातीच्या घुमाऱ्यातून आणि संथ वेगातून करता येतो. घसा खरवडायची गरज नसते.

बूथमध्ये

कपडे सुती. बांगड्या, पैंजण, खिशातली नाणी बाहेर. नायलॉनचं जाकीट हात हलवला तरी माइकमध्ये सळसळतं. थोडं खाऊन जा. रिकाम्या पोटाचा आवाज माइकला स्पष्ट येतो आणि टेक जातो. दूध, चॉकलेट, खूप गोड नको, तोंड चिकट होतं. मी हिरवं सफरचंद बरोबर ठेवते, त्याने तोंडातली चटचट कमी होते. पेन्सिल विसरू नका.

माइकपासून साधारण एक वीत. ओरडायचं असेल तर पाऊलभर मागे आणि मान थोडी तिरकी. कुजबुज असेल तर जवळ. कागदावर ओळीपुढे टाइमकोड, म्हणजे ती ओळ चित्रात नेमकी कधी येते ती वेळ असते, विराम कुठे आहे त्याच्या खुणा असतात, पात्राची पाठ असेल तर तसं लिहिलेलं असतं. पाठमोरी ओळ मिळाली की ओठ जुळवायची काळजी नाही, तिथे अभिनयाला मोकळी जागा घ्या. एकदा पायलटसह ओळ बघायची, एकदा तोंडातल्या तोंडात म्हणायची, तिसऱ्यांदा टेक. ओळ बघताना नवीन मंडळी पात्राचे ओठ बघतात. मी खांदे आणि डोळे बघते. बोलण्याआधी पात्र श्वास घेतं आणि खांदे हलतात. त्या क्षणी मीही श्वास घेतला की सुरुवात बरोबर पडते.

शब्दांइतकंच काम बिनशब्दांचं असतं. पडणं, धडकणं, घास गिळणं, उडी मारणं, झोपेत कुशीवर वळणं. एका भागात अशा रिॲक्शन ढीगभर असतात आणि नवख्यांचं बिंग तिथेच फुटतं, कारण ते "आ" आणि "ऊ" वाचतात. शरीर हलवा. उडीसाठी गुडघे वाकवा, ओझ्यासाठी मुठी आवळा, खाण्यासाठी तळहात तोंडावर धरून खरंच चावण्याची हालचाल करा. पाय मात्र जागचे हलवू नका, जमिनीचा आवाज येतो.

किंकाळ्या आणि लढाई शेवटी घ्या. डायरेक्टरला सुरुवातीलाच सांगा, "ओरडण्याच्या ओळी शेवटी घेऊ या का?" चांगला डायरेक्टर स्वतःच तसं ठेवतो. आधी किंकाळ्या झाल्या तर उरलेला भाग बसक्या आवाजात जातो.

रिटेक मागितला की "सॉरी" म्हणण्यात वेळ घालवू नका. कशासाठी मागितला ते नीट ऐका: उच्चार, ओठ, की भाव? तेवढंच बदला. ओठासाठी मागितलेल्या रिटेकमध्ये भाव बदलला तर डायरेक्टरची पंचाईत होते, कारण भाव त्याला आवडलेला असतो. स्टुडिओ तासावर घेतलेला असतो. जो कलाकार सांगितलेलं एका खेपेत पकडतो त्याला पुन्हा फोन येतो.

घसा

पाणी दिवसभर, साधं. सकाळी दहा मिनिटं खर्ज, अगदी हळू, ओंकारासारखा. त्यानंतर पेल्यात पाणी घेऊन स्ट्रॉमधून बुडबुडे काढत गुणगुणायचं. आवाजाच्या पडद्यांना यात कमीत कमी ताण पडतो आणि ते जागे होतात. लोकलमध्ये गप्पा मारत स्टुडिओला येऊ नका. गाडीच्या खडखडाटावर बोलण्यात निम्मा आवाज खर्च होतो. बसलेल्या आवाजात कुजबुजणं हीसुद्धा विश्रांती नाही, त्यापेक्षा गप्प बसा. रात्री उशिरा तिखट-तेलकट खाऊन आडवं झालं की आम्लपित्त वर येतं आणि सकाळी घसा जड होतो. आवाजाचा घोगरेपणा दोन-तीन आठवडे गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा आणि पडदे दुर्बिणीने बघून घ्या. ज्येष्ठमधाच्या कांडीवर महिनोन्महिने काढू नका.

काम मिळवताना

नमुना रेकॉर्डिंग एक ते दीड मिनिटाचं करा. सुरुवात तुमच्या स्वतःच्या, नैसर्गिक आवाजाने. मग चार-पाच पात्रं, प्रत्येकी दहा-बारा सेकंद. प्रसिद्ध पात्रांच्या नकला घालू नका. ज्या पात्राला आवाज आधीच आहे त्यासाठी नवा कुणी नको असतो. हिंदीतल्या डोरेमॉनसाठी सोनल कौशल यांचा आवाज सगळ्यांच्या कानात बसलेला आहे, तुमची नक्कल त्याशेजारी ठेवून ऐकली जाईल. स्वतःची माणसं तयार करा: पत्र्याच्या शाळेतली मॉनिटर, मासे मोजणारी आजी, उंचीला घाबरणारा कावळा. हिंदी आणि मराठीचे नमुने वेगळे ठेवा. फाइलच्या नावात तुमचं नाव, भाषा आणि कुठल्या वयाचे आवाज ते लिहा.

यासाठी महागडा माइक नको. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करा, मागे दोरीवर गोधडी टाका, पंखा बंद, फ्रिजपासून लांब. साधा यूएसबी माइक आणि ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरे. पुढे घरून काम द्यायची वेळ आली की ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट वेव्ह फाइल मागतात. ते सेटिंग आत्ताच शिकून ठेवा.

नमुना डबिंग कोऑर्डिनेटरला, म्हणजे पात्रांसाठी कलाकार बोलावणाऱ्याला, आणि स्टुडिओला पाठवा. कोऑर्डिनेटरकडे याद्या असतात: 'मुलगा, आठ ते बारा', 'म्हातारी, विनोदी'. तुम्ही कुठल्या यादीत बसता हे त्याला एका ओळीत कळलं पाहिजे. "सगळे आवाज करते" असं लिहिलं की कुठल्याच यादीत नाव जात नाही. दर दीड-दोन महिन्यांनी नवा छोटा तुकडा पाठवा, रोज विचारपूस नको.

पहिलं काम बहुधा क्राउडचं मिळतं: बाजारातली गर्दी, वर्गातला गोंधळ, मैदानातला जल्लोष. ते मनापासून करा. डायरेक्टर तिथेच कान लावून असतो, आणि गर्दीतल्या एका भाजीवालीने नेमका सूर लावला तर पुढच्या भागातली दोन वाक्यांची भाजीवाली तुम्हाला मिळते. माझी सुरुवात अशाच ओळींनी झाली. मोठ्या चित्रपटांतले मुख्य आवाज अनेकदा सिनेताऱ्यांकडे जातात. २०१९ च्या 'द लायन किंग'च्या हिंदी आवृत्तीत मुफासा आणि सिंबा शाहरुख आणि आर्यन खान यांनी केले, टिमॉन आपल्या श्रेयस तळपदेंनी. रोजची चूल मात्र दूरचित्रवाणीच्या मालिका पेटती ठेवतात.

व्हॉइस टेस्टसाठी कुणी पैसे मागितले तर निघून या. "कोर्स करा, काम आम्ही देऊ" असं सांगणाऱ्याकडे फी भरू नका. क्लास लावायचाच असेल तर विचारा: शिकवणारा सध्या काम करतो का, आणि मला प्रत्यक्ष बूथमध्ये किती तास मिळतील?

पैसे आणि कागद

आपल्याकडे बहुतेक डबिंगचं मानधन एकरकमी असतं. मालिका पुन्हा पुन्हा दाखवली म्हणून पुन्हा पैसे येत नाहीत. दर पात्रावर, भागाच्या लांबीवर आणि तुमच्या अनुभवावर ठरतो, म्हणून काम घेण्याआधीच विचारा: भागाला किती, तासाला किती, रिटेकसाठी परत बोलावलं तर काय. हे व्हॉट्सॲपवर लेखी येऊ द्या. बिल त्याच आठवड्यात पाठवा. साधारण १० टक्के टीडीएस कापून पैसे येतात आणि यायला दोन-तीन महिने सहज जातात. तारीख, स्टुडिओ, मालिका, पात्र, भाग क्रमांक, बिलाची रक्कम, जमा तारीख अशी नोंद ठेवा. पहिली काही वर्षं दुसरं उत्पन्न हाताशी असू द्या. मी शाळेत संध्याकाळचे नाट्यवर्ग घेत होते, आणि त्यामुळे न पटणाऱ्या कामाला नाही म्हणता आलं.

करार वाचल्याशिवाय सही नको. "सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी" हे शब्द असतातच, पण आता त्यापुढे तुमच्या आवाजावरून यंत्राने नवा आवाज तयार करण्याची परवानगी आहे का ते शोधा. असेल तर ती ओळ काढायला सांगा, किंवा "हे रेकॉर्डिंग याच मालिकेसाठी, कृत्रिम आवाज घडवण्यासाठी वापरता येणार नाही" असं लिहून घ्या. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलाकाराचे हक्क अधिक स्पष्ट झाले आहेत. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने केलेली नक्कल रोखणारा आदेश दिला. प्रसिद्ध माणसाला ते संरक्षण मिळालं; तुमचं-माझं संरक्षण आज तरी मुख्यतः त्या कागदावरच्या एका ओळीत आहे. आवाज कलाकारांची संघटना मुंबईत आहे. काम नियमित झालं की सभासद व्हा. एकट्याने मागितलेली अट आणि सगळ्यांनी मिळून मागितलेली अट यात फार फरक पडतो.

मूल स्वतःच आवाज देणार असेल तर

आई-वडील विचारतात म्हणून हे लिहिते. चौदा वर्षांखालच्या मुलांना कलाकार म्हणून काम करायला कायद्याने मुभा आहे, पण नियम आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची असते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. मुलाच्या मिळकतीतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवा. हे तुम्ही विचारलंत तर कुणाला राग येण्याचं कारण नाही. मुलाला वाचता आलं पाहिजे, तेही न अडखळता. ज्या मुलाला ओळ पाठ करून द्यावी लागते त्याला बूथमध्ये फार ताण येतो. काचेपलीकडून तुम्ही खुणा करू नका, डायरेक्टरला त्याच्याशी बोलू द्या.

मुलगा असेल तर आणखी एक गोष्ट आधीच धरून चाला. बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान त्याचा आवाज फुटेल. मालिकेतला मुलगा दहाच वर्षांचा राहतो, तुमचा राहत नाही. मोठ्या मालिकांत मुलांचे आवाज बायका देतात त्याचं हेच मुख्य कारण आहे. आवाज फुटायला लागला की ते पात्र दुसऱ्याकडे जाईल आणि मुलाला वाईट वाटेल. जुना बारीक आवाज ओढून आणायला त्याला सांगू नका, त्या वयात पडद्यांवर जोर देणं घातक असतं. तेवढे महिने त्याला स्टुडिओत न नेता नाटकाच्या तालमीला पाठवा. नवा आवाज स्थिर झाला की त्याचं नमुना रेकॉर्डिंग पुन्हा करा, आणि कोऑर्डिनेटरला कळवा की आता त्याचं नाव दुसऱ्या यादीत टाका.